बावीस नोव्हेंबरचं ऑइल

डेसमंड आउथवेटच्या गाडीत आठ माणसं बसत. घरात माणसं दोन होती. मुलं ऑस्ट्रेलियाला गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. उरलेल्या सहा जागांवर डेसमंडचा गाडीबद्दलचा अभिमान बसत असे, आणि तो इतका ऐसपैस बसे की कधीकधी रोझलिंडलाच अंग चोरून बसावं लागे.

गाडी जपानची. जपानची म्हणजे नुसत्या कंपनीने जपानची नव्हे. तिकडे कुणा कुटुंबाने ती नऊ वर्षं वापरली, मन भरल्यावर लिलावात काढली, आणि मग ती सहा आठवडे जहाजात बसून यॉर्कशरमधल्या ग्रिमथ्वेटला आली. ग्रिमथ्वेटला रस्ता एकच, आणि समोरून मेंढ्या आल्या तर सायकलवाल्यानेही उतरून भिंतीला चिकटायचं, अशी इथली वाहतूक. मागच्या दारावर चंदेरी इंग्रजी अक्षरांत गाडीचं नाव होतं, 'जॉयफुल वुडपेकर', आणि त्याखाली बारीक अक्षरांत एक वाक्य: 'आपण निसर्गाचं हृदय होऊ या'. ज्यांची हयात इंग्रजी बोलण्यात गेली त्या ग्रिमथ्वेटकरांनाही या इंग्रजीचा अर्थ लागला नव्हता. पण नाव सुतारपक्ष्याचं असल्यामुळे इंजिनातून येणारी टकटक हा गाडीचा दोष नसून स्वभाव आहे, असं डेसमंड म्हणू शकत होता, आणि म्हणत होता.

इंजिन पुढच्या दोन सीटांच्या खाली होतं. म्हणजे रोझलिंड इंजिनावर बसायची. हिवाळ्यात हे सुखाचं होतं. जुलैत ती ओला टॉवेल घेऊन बसायची. ऑइल बघायचं असलं की आधी तिला उतरवायचं, मग सीट उचलायची, मग आत डोकावायचं. डेसमंडला आत डोकावायची फार हौस, त्यामुळे उत्तर इंग्लंडातल्या बहुतेक सगळ्या वळणांवर रोझलिंड एकदा तरी पावसात उभी राहिलेली होती.

गाडीचं छत बटण दाबलं की वर जात असे आणि आत दोघांना झोपायला माळा तयार होई. छत वर जाण्यात कधीच अडचण आली नाही. गेल्या जानेवारीत ते खाली येईना. डेसमंडने गाडी तशीच घरी आणली, ताशी दहा मैलांनी, भर स्किप्टनच्या बाजारातून. रोझलिंड शेजारी हातातली पिशवी घट्ट धरून समोर बघत बसली होती. तिच्या वाचक मंडळाच्या तीन बायका फुटपाथवर उभ्या होत्या. त्यांनी हात हलवला. रोझलिंडनेही हलवला. घरी आल्यावर तिने एका चिमुकल्या विजेच्या गाडीचं माहितीपत्रक फ्रिजवर चुंबकाने लावलं आणि म्हणाली, "डेस, एक सांगून ठेवते. ही गाडी या घरात फक्त त्या बाईमुळे आहे. तुझ्यामुळे नाही, छतामुळे तर नाहीच नाही. ज्या दिवशी ती बाई माझ्याशी नीट बोलायची थांबेल, त्या दिवशी गाडी जाईल."

डेसमंडला घाम फुटला, तो इथेच. कारण ती बाई रोझलिंडशी नीट बोलत होती की नाही, हे त्याला स्वतःला ठाऊक नव्हतं.

बाई म्हणजे डॅशबोर्डमधली. गाडी सुरू केली की एक गोड, शांत आवाज जपानीत एक वाक्य बोलायचा. अकरा वर्षांपूर्वी गाडी पहिल्यांदा दारात उभी राहिली तेव्हा रोझलिंड पायरीवर हाताची घडी घालून उभी होती.

"हे काय आहे?"

"गाडी आहे, रॉझ."

"ते दिसतंय मला. बस कशाला आणलीस, ते विचारतेय."

तेवढ्यात डेसमंडने किल्ली फिरवली आणि आतून आवाज आला. रोझलिंडची घडी किंचित सुटली.

"काय म्हणतेय ती?"

त्या वर्षी डेसमंडने टेकडीपलीकडच्या कॉलेजात जपानीचा सहा आठवड्यांचा संध्याकाळचा वर्ग केला होता. शिकवणारा वेल्सचा होता आणि ओसाकात दोन वर्षं रग्बी शिकवून आला होता. या वर्गातून डेसमंडने तीन गोष्टी घेतल्या: 'हे पेन आहे', 'स्टेशन कुठे आहे', आणि एक ते दहा आकडे, सात सोडून. सातच्या दिवशी त्याला सर्दी होती. बाई जे बोलली त्यात पेन नव्हतं आणि स्टेशनही नव्हतं. पण तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेला माणूस प्रश्नाला 'माहीत नाही' म्हणत नाही. हे शब्द त्याच्या घशाला मुळी ठाऊकच नसतात.

"ती म्हणतेय," डेसमंड म्हणाला, "'या बाईसाहेब. तुम्ही शेजारी बसलात की प्रवास गोड होतो.'"

रोझलिंड पायरीवरून उतरली. गाडीत बसली. दार लावून घेऊन डॅशबोर्डकडे बघत म्हणाली, "थँक यू, डिअर."

तेव्हापासून अकरा वर्षं, रोज, गाडी सुरू झाली की बाई बोलायची आणि रोझलिंड आभार मानायची. न मानणं तिला उद्धटपणाचं वाटे. हळूहळू भाषांतराचं काम वाढत गेलं. दार नीट लागलं नाही की बाई वेगळं बोलायची. त्याचं 'थंडी आहे, स्वेटर घातलात ना' झालं. डेसमंडने गाडी मागे घेतली की ती तेच तेच पुन्हा म्हणायची. त्याचं 'सावकाश, घाई कशाची' झालं. डेसमंड इतकी वर्षं रोझलिंडला जे बोलला नव्हता, ते सगळं तो आता दुसऱ्या बाईच्या तोंडून बोलून घेत होता, आणि त्यातली अर्धी वाक्यं सुचल्यावर त्याची त्यालाच कौतुकाने मान हलवावीशी वाटे.

गाडीतला नकाशाही जपानचाच होता. ग्रिमथ्वेट कुठे आहे हे त्याला समजत नसल्यामुळे तो गाडी कायम निळ्या रंगात दाखवायचा. भूगोलाचा मास्तर अकरा वर्षं भर समुद्रात गाडी चालवत होता. पण आकाशातल्या उपग्रहांकडून या यंत्राला वेळ आणि तारीख मात्र बिनचूक कळे. म्हणूनच वर्षातून एकदा, बावीस नोव्हेंबरला, बाई नेहमीच्या वाक्यानंतर आणखी एक लांबलचक वाक्य बोलायची, आणि त्यामागे छोटीशी धून वाजायची. पहिल्या वर्षी हे झालं तेव्हा डेसमंड दचकला. पण रोझलिंड बघत होती.

"ऑइल," तो म्हणाला.

"एवढं मोठं वाक्य? नुसतं ऑइल?"

"जपानीत आदराने सांगायची पद्धत असते, रॉझ. 'वर्ष झालं, आता ऑइल बदलावं ही नम्र विनंती.'"

"आणि ते संगीत?"

"तो आदर."

आता तोंडातून गेलं म्हटल्यावर पाळणं आलं. त्या दिवसापासून दर बावीस नोव्हेंबरला गाडी नेव्हिलच्या गॅरेजमध्ये जायची. वार्षिक तपासणीही त्याच दिवशी, म्हणजे एकाच फेरीत काम.

नेव्हिल थिसल्टन हा डेसमंडचाच विद्यार्थी. भूगोलात दोनदा नापास. आता गाव त्याच्या हातात होतं, आणि डेसमंड तर सीट उचलून त्याच्या पुढ्यात उभा. नेव्हिलची एक सवय होती, म्हणजे इंग्लंडातल्या सगळ्याच मेकॅनिकची असते, पण नेव्हिलची कसलेली होती: गाडीखाली बघून आला की तो दातांतून हवा आत ओढायचा. किती वेळ ओढतोय त्यावरून काम किती मोठं ते कळे. वुडपेकरच्या वेळी तो इतका वेळ ओढायचा की डेसमंडला वाटे, आता हा बेशुद्ध पडणार.

"सर," नेव्हिल म्हणायचा, "रेडिएटरपासून मागच्या हीटरपर्यंत पाण्याचे पाइप किती आहेत माहितेय?"

"बारा."

"तेरा. तेरावा कुठे आहे ते जपानलाच माहीत, आणि गळतोय तो तेरावाच."

"पार्ट मागव की मग."

"मागवलाय. सहा आठवडे. तोपर्यंत चौदावा गळेल."

"मघाशी तेरा म्हणालास."

"सर, तुम्हीच शिकवलंत ना, निसर्ग बदलत असतो."

तरीही नेव्हिल एक गोष्ट दरवर्षी कबूल करायचा. "इंजिन मात्र आत चकाचक आहे. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत एवढं वेळेवर ऑइल कुणाचंच बदलत नाही. माझ्या स्वतःच्या गाडीचं नाही. तुम्हाला आठवण कोण करून देतं हो?"

"गाडीच देते," डेसमंड म्हणायचा, आणि रोझलिंड अभिमानाने डॅशबोर्डकडे बघायची.

तर अशा या सुखी संसारात त्या नोव्हेंबरात कुवाबारा बाई आल्या.

मुलांच्या रिकाम्या खोलीत रोझलिंड पाहुणे ठेवायची. झोपायला पलंग आणि सकाळी भरपेट न्याहारी. नोव्हेंबरात ग्रिमथ्वेटला कोणी येत नाही. कुवाबारा बाई आल्या त्या चुना-सिमेंट न वापरता दगडावर दगड रचून भिंत कशी बांधतात ते शिकायला. पलीकडच्या मळ्यावर आठवडाभराचा वर्ग होता. बाई ओकायामाच्या, सदुसष्ट वर्षांच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, कमरेएवढ्या उंचीच्या पिशवीत स्वतःचा हातोडा घेऊन आलेल्या. इंग्रजी सावकाश आणि नेटकं बोलायच्या.

"डेसला जपानी येतं हं," दारातच, अजून त्यांचे बूट निघायचे होते, तेवढ्यात रोझलिंडने सांगून टाकलं.

कुवाबारा बाईंचा चेहरा उजळला. डेसमंडचा तेवढाच उतरला. पहिल्या न्याहारीला बाई ताटाकडे बघत त्याला जपानीत काहीतरी लांब, नम्र, शेवटाला प्रश्नासारखं वर जाणारं बोलल्या. डेसमंडने दोन क्षण विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाला, "हाय." जपानीत 'हो'ला हेच म्हणतात, एवढं त्याला ठाऊक होतं. बाईंनी मान झुकवली. डेसमंड बाहेर जाऊन अर्धा तास कोंबड्या नसलेल्या खुराड्याची दुरुस्ती करत बसला.

त्यानंतरचे सहा दिवस त्याने एकच काम केलं: कुवाबारा बाई आणि वुडपेकर यांची गाठ पडू न देणं. मळा दीड मैलावर होता. पहिल्या दिवशी त्याने बाईंना पायवाटेचा नकाशा काढून दिला. दुसऱ्या दिवशी पाऊस होता. त्याने छत्री दिली आणि ढगांचे प्रकार समजावून सांगितले. तिसऱ्या दिवशी मळेवाल्याला फोन करून ट्रॅक्टर मागवला.

"डेस, दारात आठ जणांची गाडी उभी आहे," रोझलिंड म्हणाली, "आणि तू त्या बिचारीला शेणाच्या ट्रॅक्टरवर बसवतोयस?"

"तिला अनुभव हवाय."

"ती भिंत शिकायला आलीय, शेण नाही."

"रॉझ, गाडीची बॅटरी जरा..."

"बॅटरीला काय झालंय?"

"आत्तापर्यंत काही नाही," डेसमंड म्हणाला, आणि एवढं मात्र खरं होतं.

शनिवारी बाईंचा मुक्काम संपत होता. सकाळी साडेदहाची स्किप्टनहून आगगाडी. डेसमंडने टॅक्सी सांगून ठेवली होती, चार दिवस आधी, दोनदा खात्री करून. नऊ पंचावन्नला टॅक्सीवाल्याचा फोन आला: चाक पंक्चर. डेसमंडने फोन ठेवला तेव्हा रोझलिंड कोट घालून, वुडपेकरच्या दाराशी कुवाबारा बाईंची पिशवी घेऊन उभी होती. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याची नजर गेली. बावीस नोव्हेंबर. चौकटीत रोझलिंडच्या अक्षरात: 'ऑइल. नेव्हिल, ११.३०'.

नशिबाने वचपा काढायचं ठरवलं की तारीखसुद्धा बघून येतं, असं डेसमंडच्या मनात आलं. त्याने किल्ली शोधायचं नाटक केलं. किल्ली त्याच्याच हातात होती.

"तुम्ही पुढे बसा," रोझलिंड म्हणाली. "नाही नाही, खरंच. तुम्हालाच ऐकू यायला हवं. आमच्या बाई बोलतात गाडीतून. तुमच्याच देशाच्या."

कुवाबारा बाई इंजिनावर बसल्या. रोझलिंड मागे पसाऱ्यातून जागा करून बसली आणि दोन सीटांच्या मधून डोकं पुढे काढलं. डेसमंडने किल्ली फिरवली, देवाचं नाव घ्यावं तशी. गाडी खोकली, टकटकली, सुरू झाली.

बाई बोलली.

"थँक यू, डिअर," रोझलिंड म्हणाली. मग कुवाबारा बाईंना, "किती गोड ना? मी बसले की प्रवास गोड होतो, म्हणते. रोज म्हणते. अकरा वर्षं."

कुवाबारा बाईंनी डॅशबोर्डकडे पाहिलं. मग डेसमंडकडे पाहिलं. डेसमंड समोर, मेंढ्यांकडे बघत होता, कधी नव्हे इतक्या आस्थेने. शिक्षकाने शिक्षकाला ओळखलं असावं.

"साधारण... तशाच अर्थाचं," त्या म्हणाल्या.

या तीन शब्दांसाठी डेसमंडने त्यांना घर लिहून दिलं असतं. पण आभार मानायला तोंड उघडतो तोच छोटी धून वाजली आणि डॅशबोर्डमधली बाई पुन्हा बोलली. लांबलचक. नम्र. अखेरीस किंचित हसरी.

"हे ऑइलचं," रोझलिंडने मागून सांगितलं.

पण कुवाबारा बाईंनी तोवर दोन्ही हात जोडून छातीशी नेले होते. त्यांचा चेहरा असा फुलला होता की डेसमंडला कळून चुकलं, आता ही बाई खोटं बोलू शकणार नाही. तिला इथे खोटं बोलायचं आहे हेच तिच्या लक्षात येणार नाही.

"अभिनंदन!" त्या म्हणाल्या. आधी डेसमंडला, मग वळून रोझलिंडला. "आधी का नाही सांगितलंत? आणि आजच्या दिवशी मी तुम्हाला स्टेशनवर यायला लावलं. किती वर्षं झाली?"

"कशाला?" रोझलिंड म्हणाली.

"लग्नाला."

गाडी गावाच्या बाहेर पडली होती. दोन्ही बाजूंना दगडी भिंती, मध्ये वुडपेकर. टकटकही जरा आदबीने होत होती.

"आमच्या लग्नाचा वाढदिवस मेमध्ये असतो," रोझलिंड म्हणाली. "नऊ मेला. डेसला विचारा हवं तर. नको, डेसला विचारू नका."

"पण गाडी म्हणाली..." कुवाबारा बाई थांबल्या. आपण कशावर तरी पाय दिलाय हे त्यांना आता कळलं होतं. नेमकं कशावर ते कळत नव्हतं.

"काय म्हणाली गाडी? शब्द न् शब्द सांगा हं. डेसचं जपानी जरा... त्याच्या पद्धतीचं आहे."

"म्हणाली, 'आज तुमच्या लग्नाचा वाढदिवस आहे. मनापासून अभिनंदन. दोघं मिळून सावकाश गाडी चालवा.' आधीच्या मालकाने तारीख घालून ठेवली असेल. आमच्याकडे या दिवशी पुष्कळ लग्नं होतात. अकरावा महिना, बावीस तारीख: हे आकडे एका पद्धतीने वाचले की 'चांगले नवरा-बायको' असं ऐकू येतं."

"ऑइलबद्दल काहीच नाही?"

"नाही."

"एकही शब्द?"

"माफ करा," कुवाबारा बाई म्हणाल्या, जणू ऑइलचा उल्लेख न करणं ही त्यांच्याच देशाकडून झालेली चूक होती.

रोझलिंडचं डोकं दोन सीटांच्या मधून मागे गेलं. डेसमंडने आरशात पाहिलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती. एक मैल गेला, आणखी अर्धा गेला. इंग्रज बायको ओरडली तर नवऱ्याला आशा असते. ती अशी खिडकीबाहेर बघते तेव्हा आत फ्रिजवरच्या माहितीपत्रकाची पानं उलटली जात असतात.

"आणि रोजचं?" मागून आवाज आला. "ते साधारण तशाच अर्थाचं?"

कुवाबारा बाईंनी हातमोजे काढले, पुन्हा घातले.

"माझ्या गाडीतही हेच म्हणते," त्या अगदी हळू म्हणाल्या. "प्रत्येकाच्या गाडीत. आमच्याकडे मोठ्या रस्त्यावर टोल भरायला एक कार्ड असतं, ते गाडीत घालायचं असतं. तर ती म्हणते, 'कार्ड घातलेलं नाही.'"

"कार्ड घातलेलं नाही."

"हो."

"अकरा वर्षं ती बाई कार्ड मागतेय, आणि मी तिला थँक यू म्हणतेय."

"खूप सभ्यपणे मागते," कुवाबारा बाई घाईघाईने म्हणाल्या. "आवाज फार चांगला आहे. त्यामुळे अर्थ... म्हणजे ऐकणाऱ्याला..." मग त्यांनी नाद सोडला आणि विषय बदलायचा म्हणून, अगदी भल्या मनाने, आणखी एक दगड काढून घेतला. "मलाही वाटलं होतं, आउथवेट साहेबांना माझं बोलणं समजलं नसावं. पहिल्या सकाळी मी विचारलं होतं, 'मला ते टोमॅटोतले बीन्स नसले तर चालेल का?' ते 'हो' म्हणाले. मग रोज आले. मला वाटलं, नियम असेल."

"तुम्ही सहा दिवस ते बीन्स खाल्लेत?"

"शेवटी शेवटी सवय झाली," कुवाबारा बाई म्हणाल्या.

स्किप्टनला फलाटावर बाईंनी दोघांपुढे कमरेत वाकून निरोप घेतला. डेसमंडपुढे जरा जास्तच वाकल्या. सांत्वनाला जाताना वाकतात तशा. आगगाडी सुटली. दोघं वुडपेकरकडे परतली. रोझलिंड यावेळी पुढे बसली. डेसमंड किल्ली लावून तसाच थांबला.

"फिरव," रोझलिंड म्हणाली.

त्याने फिरवली. बाई बोलली. आता त्या वाक्यात ते कार्ड स्वच्छ ऐकू येत होतं, इंग्रजीच शब्द होता तो, जपानी उच्चारातला. अकरा वर्षं तो तिथेच होता. रोझलिंडने थँक यू म्हटलं नाही. तिने पर्स उघडली, आत हात घालून बराच वेळ चाळवाचाळव केली, आणि रोपवाटिकेचं कार्ड काढलं, ज्यावर दहा शिक्के झाले की एक चहा फुकट मिळतो. मग ती वाकली, डॅशबोर्डखाली बोटांनी चाचपडली, एक फट सापडली. डेसमंडला वाटायचं ती फट हवेसाठी आहे. तिने कार्ड आत सारलं.

खट्ट झालं. आणि बाई बोलली. नवंच काहीतरी. अकरा वर्षांत न ऐकलेलं, तुटक, चार-पाच शब्दांचं.

रोझलिंड सीटला टेकून बसली. हाताची घडी घातली. पायरीवर घातली होती तशीच.

"काय म्हणतेय?"

डेसमंडच्या ओठांवर तीन वाक्यं एकदम आली. तिन्ही चांगली होती. एक तर इतकं सुरेख होतं की कोणत्याही देशातल्या कोणत्याही बाईने ते ऐकून घडी सोडली असती. त्याने ते गिळलं. गिळायला अवघड गेलं; घशाला सवय नव्हती.

"माहीत नाही, रॉझ."

रोझलिंडने मान वळवून त्याच्याकडे नीट पाहिलं.

"अकरा वर्षांत हे तुझं पहिलं बरोबर भाषांतर," ती म्हणाली. मग, "ते दार लागलं नाही की बोलते ते? स्वेटरचं?"

"मीच."

"सावकाश, घाई कशाची?"

"मीच."

"स्कारबरोला गेलो होतो तेव्हा? 'केस छान दिसतायत आज'?"

"तेव्हा बहुतेक डिझेल संपत आलं होतं."

"संपलंच होतं, डेस. दोन तास उभे होतो." तिने पर्स बंद केली. "हे सगळं तुला सरळ स्वतःच्या तोंडाने सांगता येत नव्हतं?"

यावर खरं उत्तर 'नाही' हेच होतं, पण एका दिवसात आणखी एक खरं उत्तर द्यायची डेसमंडची तयारी झालेली नव्हती. तो स्टिअरिंग पुसत राहिला.

"चल नेव्हिलकडे," रोझलिंड म्हणाली. "साडेअकराची वेळ घेतलीय. कुणाच्या तरी लग्नाचा वाढदिवस आहे, ऑइल बदलायला हवं."

नेव्हिलने गाडी वर घेतली, खाली उतरवली, रोझलिंडला उतरवलं, सीट उचलली, आत डोकावला. डेसमंड त्याच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. नेव्हिलने हवा ओढायला सुरुवात केली, ओढली, ओढली, आणि मध्येच सोडून दिली.

"पास आहे सर. पाइपांचं काय ते बघू, पण इंजिन अजून दहा वर्षं चालेल. वेळच्या वेळी ऑइल, बाकी काही नाही. ज्याने कुणी तुम्हाला ही सवय लावली, त्याचे पाय धरा."

"ओकायामाच्या बाजूचं कुणीतरी असेल," रोझलिंड म्हणाली. "लग्न चांगलं टिकलं असावं त्यांचं. आमचं इंजिन टिकलं."

नेव्हिलला काही कळलं नाही. भूगोलात तो कच्चाच होता.

घरी आल्यावर रोझलिंडने फ्रिजवरचं माहितीपत्रक काढलं. तिने ते उलटं केलं, मागच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरात 'नऊ मे' लिहिलं आणि पुन्हा चुंबकाखाली लावलं.

"गाडी राहील," ती म्हणाली. "भाषांतरकार बदलायचा."

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी दहाला चर्चला जायला दोघं गाडीत बसली. रोपवाटिकेचं कार्ड रोझलिंडने परत काढून घेतलं होतं. नऊ शिक्के झाले होते, एकच बाकी होता. डेसमंडने किल्ली फिरवली. बाई बोलली, गोड आणि शांत, नेहमीसारखी.

डेसमंड थांबला. मग घसा खाकरून त्याने विचारलं, "काय म्हणतेय?"

रोझलिंडने डोळे मिटून, मान थोडी तिरकी करून, अगदी मन लावून ऐकलं.

"म्हणतेय, 'मागच्या सहा सीटांवरचा पसारा अकरा वर्षं तसाच आहे. तो चर्चला जायच्या आधी काढावा, ही नम्र विनंती.'"

डेसमंडने मागे वळून पाहिलं. जुने पाइप होते, दोन घड्या घातलेले तंबू होते, एक जपानी माहितीपुस्तक होतं जे त्याने कधी उघडलं नव्हतं, आणि एक छत्री होती.

"थँक यू, डिअर," तो म्हणाला, आणि खाली उतरला.